गावात फिरणारी बातमी दुसऱ्या दिवशी फळ्यावर: व्हॉट्सॲप, यूट्यूब, फेसबुक शिकवायला कसं वापरायचं

हे मी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजी-मॅडमसाठी, गावात क्लास घेणाऱ्या पोरांसाठी अन् घरी आपल्याच लेकरांचा अभ्यास घेणाऱ्या आई-बापासाठी लिहायलोय. एक साधा स्मार्टफोन, रोजचं नेट, अन् व्हॉट्सॲप यूट्यूब फेसबुक चालवता येणं, एवढ्यावर यातलं सगळं जमतं.

आपल्याकडं बहुतेक शाळांत काय झालंय की बातम्यांचा ग्रुप वेगळा अन् अभ्यासाचा ग्रुप वेगळा. बातम्यांच्या ग्रुपवर दिवसभर गोंधळ, अन् अभ्यासाच्या ग्रुपवर गुरुजी स्वाध्यायाचा फोटो टाकतात, पालक खाली अंगठा दाखवतात, विषय संपला. माझं म्हणणं असं की ज्या बातमीवर गाव आज पारावर बोलायलंय तीच बातमी उद्या वर्गात घ्यायची. पाऊस, धरण, सोयाबीनचा भाव, भूकंपाचा धक्का, शाळेला सुट्टी आहे का नाही, ह्या सगळ्यात गणित आहे, भूगोल आहे, मराठी आहे, अन् लेकरू ते ऐकतं कारण घरी तेच ऐकून आलेलं असतं. पण त्यासाठी बातमी आधी खरी पाहिजे, म्हणून पहिलं काम तेच.

आधी फोनमध्ये काय येतंय ते नीट करा

एक संध्याकाळ काढा अन् आपण कुणाकुणाला फॉलो केलंय ते बघा. निम्मं तर कुणी टाकलं, कधी टाकलं हेच आठवत नाही. ते काढून टाका अन् ज्यांची माहिती मुळातूनच येते त्यांना घ्या. पावसासाठी भारतीय हवामान विभाग, मुंबईचं प्रादेशिक केंद्र मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचा अंदाज देतं. शेतीसाठी परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, त्यांचा हवामान आधारित कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा निघतो, मंगळवारी अन् शुक्रवारी. जिल्ह्याच्या बातमीसाठी आपल्या जिल्हाधिकाऱ्यांचं अन् जिल्हा माहिती कार्यालयाचं पेज, राज्यासाठी महासंवाद, म्हणजे राज्य सरकारच्या माहिती खात्याचं पेज. वीज पडायच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं आहे अन् आपल्याकडं एप्रिल-मे अन् परतीच्या पावसात वावरात असलेल्या माणसाला ते फार कामाचं, सगळ्या पालकांच्या फोनमध्ये ते बसवून द्या, ही एकच गोष्ट केली तरी लई झालं. आकाशवाणी विसरू नका, न्यूजऑनएअर ॲपवर ऐकता येते अन् मराठीतलं बातमीपत्र लेकरांना ऐकवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आवाज स्वच्छ, भाषा साधी, आरडाओरडा नाही.

पेज खरं आहे का खोटं ते ओळखताना निळ्या टिकवर जाऊ नका. २०२३ पासून एक्सवर निळी टिक पैसे भरून मिळते, फेसबुकवर पण तसंच सुरू झालंय. एक्सवर सरकारी खात्याला करड्या रंगाची टिक असते. त्याहून सोपं म्हणजे त्या खात्याच्या सरकारी वेबसाइटवर जायचं अन् तिथं खाली फेसबुक, एक्सचं चिन्ह असतं त्यावरून पेज उघडायचं, मग नकली पेजवर जायचा प्रश्नच येत नाही.

स्थानिक पत्रकारांना पण ठेवा. तालुक्याचा वार्ताहर जे जागेवर जाऊन बघतो ते मुंबईच्या चॅनलला दिसत नाही. फक्त बघायचं एवढंच की तो माणूस स्वतः जागेवर जातो का, का तो पण इकडून तिकडून आलेलंच टाकायलाय.

फॉरवर्ड आलं की काय करायचं

व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाण दिसले की समजायचं हे पाच किंवा त्याहून जास्त हातांतून आलंय. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवता येतो, एप्रिल २०२० पासून कंपनीनं ते बंधन घातलंय, त्याच्या आधी २०१८ मध्ये भारतात पाच जणांची मर्यादा आणली होती. ती का आणली हे मोठ्या वर्गातल्या पोरांना सांगा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा पसरलेली होती अन् जमावानं ५ जणांना मारून टाकलं. ती माणसं भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातली होती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. आपल्या गावात पण बहुरूपी येतात, वासुदेव येतात, गोसावी येतात. लेकरांना हे सांगताना घाबरवायचं नाही पण लपवायचं पण नाही. सातवी-आठवीच्या पोरांना बरोबर समजतं.

आता पारखायचं कसं. मी चार प्रश्न फळ्यावर लिहितो अन् पोरांकडून त्यांची उत्तरं काढून घेतो: हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कुठलं आहे, अन् दुसरं कोण हेच सांगायलंय. बहुतेक खोटे मेसेज पहिल्या दोन प्रश्नांतच अडकतात कारण त्यात कुणाचं नाव नसतं अन् तारीख नसते, नुसतं "आज रात्रीपासून" असं असतं, अन् ते "आज" तीन वर्षापासून फिरत असतं.

फोटो असला की गूगल लेन्सला द्या. फोटोवर थोडा वेळ बोट दाबून धरलं की, नाहीतर स्क्रीनशॉट काढून लेन्समध्ये टाकला की, हाच फोटो आधी कुठं कुठं आलाय ते दिसतं. व्हिडिओ असला तर त्यातल्या एखाद्या ठळक जागेचा स्क्रीनशॉट घ्या अन् तेच करा. पोरांना हे लई आवडतं, चोर पकडायला निघाल्यासारखं करतात. अन् लेन्सशिवाय पण बघता येतं: दुकानाची पाटी कोणत्या भाषेत आहे, गाडीचा नंबर कुठल्या राज्याचा आहे, झाडं कसली आहेत, लोकांच्या अंगावर स्वेटर आहे का. "नांदेडचा पूर" म्हणून आलेल्या व्हिडिओत नारळाच्या बागा दिसल्या तर पोरंच म्हणतात सर हे आपल्याकडचं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडं जो पूर आला तशा दिवसात तर हे फारच लागतं, कारण माणसं घाबरलेली असतात अन् रात्री जे येईल ते पुढं ढकलतात, अन् त्या गर्दीत खरा इशारा खाली दबून जातो.

भूकंपाचं वेगळं सांगतो कारण तो आपला जुना घाव आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, लातूर-धाराशिवमधली दहा हजाराच्या आसपास माणसं गेली. त्यामुळं आजही जमीन जरा हलली की घराघरात लोक बाहेर येऊन बसतात. २०२४ मध्ये मार्चात अन् जुलैत हिंगोली, नांदेड, परभणीकडं ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. असा धक्का बसला की तासाभरात मेसेज सुरू होतात, नासानं सांगितलंय आज रात्री एवढ्या वाजता मोठा येणार वगैरे. इथं एकच गोष्ट पक्की सांगा, भूकंप अमुक दिवशी अमुक वाजता येणार हे जगात कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळं ज्या मेसेजमध्ये वेळ दिलीय तो खोटा, बाकी काही तपासायची गरजच नाही. झालेल्या धक्क्याची तीव्रता, खोली अन् केंद्र राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या भूकंप ॲपवर मिळतं. ते तिन्ही आकडे फळ्यावर लिहा, नकाशात केंद्र शोधा, आपल्या गावापासून किती किलोमीटर ते पट्टीनं मोजा अन् मग धक्का बसला तर बाहेर कसं पडायचं, बाकाखाली कसं बसायचं ते करून घ्या. भीती घेऊन आलेलं लेकरू काहीतरी शिकून घरी जातं अन् आजीला पण सांगतं.

सुट्टीचं खोटं पत्र हे आता नेहमीचं झालंय. जिल्हाधिकाऱ्यांच्या जुन्या पत्राची तारीख बदलून कुणीतरी टाकतं अन् निम्मी लेकरं शाळेत येत नाहीत. पत्र आलं की जिल्हा माहिती कार्यालयाच्या पेजवर बघा, तिथं नसेल तर केंद्रप्रमुखांना फोन. शासन निर्णयाचं तर अजून सोपं आहे, प्रत्येक जीआरवर संगणक सांकेतांक असतो, तो लांबलचक आकडा साल, महिना, दिवस या क्रमानं सुरू होतो. वर लिहिलेली तारीख अन् सांकेतांकाची सुरुवात जुळत नसेल तर लगेच शंका घ्यायची, अन् जुळली तरी तो आकडा महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या साइटवर टाकून बघायचा. बदल्यांच्या अन् वेतनाच्या अफवांवर शिक्षक मंडळी रात्र रात्र जागतात, एवढं केलं तर झोप तरी लागेल. केंद्र सरकारच्या योजनांबद्दल काही फिरायलं असेल, फुकट लॅपटॉप, फुकट रिचार्ज, तर पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेकचं पेज बघा. अन् लिंक उघडून कुणी पैसे घालवले असतील तर लाजत बसू नका म्हणावं, ताबडतोब १९३० ला फोन लावायचा, जितका लवकर तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

आता खरी अडचण. खोटं टाकणारा माणूस बहुतेक वेळा आपलाच काका असतो, मामा असतो, गावातले सगळ्यात मान असलेले आबा असतात. चारचौघात, ग्रुपवर, "हे खोटं आहे" म्हटलं की माणूस दुखावतो अन् दुसऱ्यांदा आपलं ऐकत नाही. त्यांना वेगळा मेसेज करायचा किंवा फोन करायचा. मी असं लिहितो: "आबा रामराम. तुम्ही टाकलेला व्हिडिओ बघितला. मी जरा शोधलं तर तो दोन वर्षाखालचा निघाला, दुसऱ्या राज्यातला. आपल्या धरणाची आजची खरी माहिती खाली पाठवतो, ती तुम्हीच ग्रुपवर टाकली तर लोक ऐकतील." शेवटची ओळ महत्त्वाची. खरं टाकायचा मान त्यांना द्या, पुढच्या वेळी ते टाकायच्या आधी तुम्हालाच विचारतात.

बातमीवरून धडा कसा करायचा

इथं मी जरा जास्त लिहिणार कारण मला स्वतःला यात सगळ्यात जास्त आनंद आहे.

पावसाळ्यात रोज मेसेज येतो, जायकवाडी अमुक टक्के. पोरांना विचारा, टक्के कशाचे? जायकवाडीच्या नाथसागराची एकूण क्षमता २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला ७३८ मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी सोडता न येणारं पाणी, तर जिवंत साठा राहिला २१७१ दलघमी, अन् बातमीतले टक्के या २१७१ चे असतात. मग ५० टक्के म्हटलं की साधारण १०८५ दलघमी जिवंत पाणी, पण धरणात प्रत्यक्षात मृतसाठा धरून १८२३ च्या पुढं पाणी आहे. सहावी-सातवीच्या शेकडेवारीला यापेक्षा चांगलं उदाहरण पुस्तकात नाही. मग टीएमसी, एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे २८.३ दलघमी, तर जिवंत साठा साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास येतो, हे पोरांनी स्वतः भागाकार करून काढायचं. अन् दारं उघडली की क्युसेक येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. दिवसाचे सेकंद ८६,४००. तर ११,५७४ क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. ५० हजार क्युसेकनं सोडलं तर दिवसात किती? ४.३२ टीएमसी. अन् हे पाणी पैठणहून पुढं कुठं कुठं जाणार, शहागड, गंगाखेड, नांदेड, नकाशावर गोदावरीवर बोट फिरवत जायचं. गोदाकाठच्या गावातल्या लेकराला ही आकडेमोड येत असली तर घरच्यांना इशारा समजावून सांगायला तेच पुढं होतं.

पावसाचे मिलिमीटर पण असेच. महसूल मंडळात २४ तासात ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, हे घरोघरी माहीत असतं कारण नुकसानभरपाई त्यावर असते. पण मिलिमीटर म्हणजे किती पाणी हे कुणी सांगत नाही. एक चौरस मीटरवर एक मिमी म्हणजे एक लिटर. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. ६५ मिमी पडला तर एका एकरावर २ लाख ६३ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे २६ टँकर. आता लेकरांना सांगा की एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी अन् साधारण ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे दोन एकरावर एका दिवसात पडलेला तेवढा पाऊस. वर्ग एकदम गप्प होतो अन् मग प्रश्न सुरू होतात, सर मग हे पाणी जातं कुठं, आपण अडवत का नाही. तिथून पुढं पाणलोट, शेततळं, विहीर, काय शिकवायचं ते शिकवा.

बाजारभावात कमाल दर मोठ्या अक्षरात फिरतो. बाजार समितीच्या पत्रकात तीन रकाने असतात, किमान, कमाल, सर्वसाधारण. एखाद्या चांगल्या ढिगाला मिळालेला कमाल दर बघून बाप माल घेऊन लातूरला जातो अन् हातात सर्वसाधारण पडतो. तिन्ही आकडे मांडा, आठवडाभराचा आलेख काढून घ्या, शेजारी हमीभावाची आडवी रेघ मारा, २०२५-२६ च्या खरिपाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. फक्त एक पाळा, तुझ्या घरी किती क्विंटल झालं, किती पैसे आले असं वर्गात कुणालाच विचारू नका. "एका शेतकऱ्याचे १० क्विंटल" असंच गणित घाला.

रोजच्या शिकवण्यात

व्हॉट्सॲपवर सगळ्यात कामाची गोष्ट व्हॉइस नोट आहे असं माझं मत. व्हिडिओला नेट लागतं, पीडीएफ पालकाच्या फोनमध्ये उघडत नाही, पण आवाज एक काडी रेंज असली तरी जातो. दुसरी-तिसरीच्या लेकराला एक उतारा द्या, त्यानं वाचून पाठवायचा, तुम्ही ऐकून दोन वाक्यांत सांगायचं, "शाब्बास, जोडाक्षराला जरा थांबत जा". महिन्याच्या सुरुवातीची अन् शेवटची नोट आईला एकामागोमाग ऐकवा. जी माय स्वतः शाळेत गेली नाही तिला गुणपत्रिकेपेक्षा हे जास्त समजतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या लेकरांसाठी तर हा जीव आहे. दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या कितीतरी गावांतून टोळ्या निघतात, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत, अन् लेकरं जाऊ नयेत म्हणून हंगामी वसतिगृह असलं तरी काही जातातच. निघायच्या आधी तीन कामं करून ठेवा. आई, बाप अन् मुकादम अशा तिघांचे नंबर घ्या कारण एकाचा रिचार्ज संपतो. शिक्षण हमी कार्डाचा फोटो बापाच्या फोनवर पाठवून ठेवा, तिथल्या जवळच्या शाळेत बसवायला तो उपयोगी पडतो. अन् पुस्तकं सोबत गेली नसतील तर बालभारतीच्या साइटवरून लागणारी पानं काढून पाठवा, अख्खं पुस्तक नको, फोनच भरून जातो. तिकडं पहाटे फडात जायचं असतं, मोकळा वेळ कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर आल्यावर, तो पण गाडी भरायची नसेल तेव्हा. म्हणून अमुक वाजता ऑनलाइन या असलं काही ठेवू नका. एका दिवसाला एक नोट, दोन-तीन मिनिटांची, गोष्ट किंवा पाढा किंवा एक तोंडी गणित, जेव्हा जमेल तेव्हा ऐकावी. लेकराचं उत्तर चार दिवसांनी आलं तरी त्याचं नाव घेऊन परत नोट पाठवा. आपलं नाव गुरुजी अजून घेतात हे त्या लेकराला कळत राहिलं पाहिजे, हंगाम संपून आल्यावर ते परत वर्गात बसतं का नाही हे पुष्कळसं यावर असतं.

यूट्यूबचं थोडक्यात. सलग वीस मिनिटं व्हिडिओ लावून देऊ नका, त्यात पोरं नुसती बघत बसतात. चार मिनिटांचा तुकडा निवडा, मधे थांबवा, पुढं काय होईल विचारा, मग दाखवा. हृदयाचे कप्पे, ज्वालामुखी, वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कसं कोरत आणलं, असल्या डोळ्यांनी बघायच्या गोष्टींनाच तो वापरा. वेग पाऊणपट करता येतो, बोलणारा फार पळत असेल तर करा. ॲपमध्येच घरी डाऊनलोड करून न्या, शाळेत वायफाय असेल याच्यावर विसंबू नका. दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवरचं पण असंच आधी उतरवून ठेवता येतं, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की नेमका तो धडा उघडतो. पुस्तकात क्यूआर कोड यायच्या आधीच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते वापरायला सुरुवात केलेली होती, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला अन् बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकी शिक्षकांत वाटली. ते सगळं जिल्हा परिषदेच्याच शाळेत झालं, हे आपल्या लोकांना सांगत जा.

ग्रुप, नंबर, फोटो

पालकांचा ग्रुप असेल तर फक्त ॲडमिननं मेसेज टाकायची सेटिंग लावा, नाहीतर सुप्रभातात अभ्यास बुडतो. पण ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, अन् मोठ्या मुलींचे, त्यांच्या आयांचे नंबर असे उघडे पडणं बरोबर नाही. त्यापेक्षा व्हॉट्सॲप चॅनल काढा, तिथं कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपमध्ये पण सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम या सगळ्यांची वयाची अट किमान १३ आहे, म्हणून प्राथमिकच्या लेकरांचं स्वतःचं खातं काढायच्या भानगडीत पडू नका, पालकाच्याच फोनवरून सगळं.

फोटोबद्दल मी कडक आहे. लेकराचा चेहरा, पूर्ण नाव अन् शाळेचं नाव हे तिन्ही एका पोस्टमध्ये कधीच नको. पालकांकडून वर्षाच्या सुरुवातीला लेखी परवानगी घ्या अन् जे नाही म्हणतील त्यांना का विचारू नका. गणवेश वाटप, वह्या वाटप यात लेकराला हात पुढं करून उभं करू नका. चित्र, वही, फळा, पाठमोरा वर्ग, याचे फोटो पुरेसे होतात. कमी गुणांची यादी ग्रुपवर टाकणं तर बंदच करा.

लेकरांना बातमी करायला लावा

नुसतं दुसऱ्याचं तपासून भागत नाही. शनिवारी वर्गातली चार पोरं मिळून गावाची एक मिनिटाची बातमी करू द्या, आवाजाचीच, चेहरा नको. गावात काय झालं, कुणाला विचारलं, आकडा कुठून घेतला हे त्यांनी बोललं पाहिजे. हातपंप बंद आहे अशी बातमी असेल तर कधीपासून हे शेजारच्या दोघींना विचारून या म्हणायचं, दोघींनी वेगळं सांगितलं तर दोन्ही सांगायचं. भाषा आपली राहू द्या, "पाणी येईना" असंच म्हणू द्या, प्रमाण मराठी त्याच्या शेजारी फळ्यावर लिहून दाखवा.

आपल्याकडं विषयांना तोटा नाही. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव, कंधार अन् परांड्याचे किल्ले, तेर, अंबाजोगाई, पैठण ही नावाजलेली ठिकाणं झाली, पण तुमच्या गावात पण एखादी बुजलेली बारव, वीरगळ, पडका वाडा असतोच. त्याचा फोटो कुठं आहे, किती मोठं आहे, लोक काय सांगतात एवढ्या माहितीसोबत शाळेच्या पेजवर टाका. जाणकार लोक खाली येऊन सांगतात, वाद पण घालतात, त्यातून लेकरांना कळतं की इतिहास कसा शोधतात. "लोक असं सांगतात" अन् "पुरावा असा आहे" ह्या दोन वेगळ्या ओळी लिहायला लावा.

अन् एक काम थांबवू नका. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटला. रझाकारांचे दिवस ज्यांना स्वतःला आठवतात ती माणसं आता पंच्याऐंशी-नव्वदीची आहेत. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो, भाषण करतो, अन् गावातल्या त्या आजीला कुणी विचारत नाही की तुम्ही तेव्हा कुठं लपलेल्या होत्या, घरात काय बोलायचे, कोण कुणाला जेवण पोचवायचं. दोन पोरं, एक फोन, सकाळची शांत वेळ, पंखा बंद, फोन आजीच्या जवळ ठेवलेला. आधी विचारायचं, "आजी, आम्ही हे रेकॉर्ड करू का, शाळेत ऐकवू का?" हो म्हटल्यावरच बटण दाबायचं. एकदम रझाकार विचारायचं नाही, लहानपणी काय खायच्या, पाणी कुठून आणायच्या इथून सुरुवात, बाकी आपोआप येतं. मधे बोलायचं नाही, थांबल्या तर थांबू द्यायचं, रडायला लागल्या तर फोन बंद करून नुसतं शेजारी बसायचं. शेजाऱ्याचं, जातीचं, धर्माचं नाव घेऊन काही कटू निघालं तर ते जपून ठेवा पण ग्रुपवर टाकू नका, कारण त्या घराची नातवंडं तुमच्याच वर्गात बसतात. जे टाकायचं ते घरच्यांना आधी ऐकवा. फाईलला गाव, तारीख अन् सांगणाऱ्याचं वय एवढं नाव द्या, एक कॉपी शाळेच्या पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर, अन् एक त्यांच्या लेकी-सुनांच्या व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे नाव तसंच राहतं अन् नंतर शोधायला सापडतं.